ट्यूनरची डबी लावावी का?

टेक्सासात डिझेल म्हटलं की पिकअप ट्रक डोळ्यांसमोर येतो. डिझेलची एसयूव्ही घेणारे त्या मानाने थोडे, पण प्लेनो-फ्रिस्को पट्ट्यातल्या मराठी घरांत ते भेटतात. पुण्या-नाशकात इनोव्हा, सफारी नाहीतर स्कॉर्पिओ चालवून आलेल्या माणसाच्या पायाला डिझेलच्या ओढीची सवय झालेली असते. पेट्रोल इंजिन कितीही मऊ चाललं तरी त्याचं मन भरत नाही. टोयोटाने २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेचं मुख्यालय प्लेनोत आणलं, पण अमेरिकेत टोयोटा डिझेल गाड्या विकत नाही आणि फॉर्च्युनर तर इथे मिळतच नाही. मग नजर वळते ती डॅलसपलीकडच्या आर्लिंग्टनकडे. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेव्हरोलेच्या टाहो आणि सबर्बन, जीएमसीची युकॉन या गाड्या तयार होतात आणि २०२१ च्या मॉडेलपासून त्यांत ३ लिटरचं ड्युरामॅक्स डिझेल इंजिन मिळतं. जुन्या बाजारात जीप ग्रँड चेरोकी इकोडिझेल, बीएमडब्ल्यू एक्स-५, मर्सिडीज जीएल ३५० आणि फोक्सवॅगन तुआरेग टीडीआय सापडतात.

गाडी अंगवळणी पडली की तोच प्रश्न येतो. एक डबी मिळते म्हणे. सेन्सरचा प्लग काढायचा, मध्ये ती जोडायची, अर्ध्या तासाचं काम आणि पन्नास-साठ हॉर्सपॉवर जास्त. लावू का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांना ही डबी लागत नाही. ज्यांना खरोखर लागते त्यांच्यासाठी बाजारात मोजकीच बरी उत्पादनं आहेत आणि ती ओळखण्याची खूण जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरच्या आकड्यात नाही. असं का म्हणतो, ते कळायला डबी नेमकं काय करते ते पाहावं लागेल.

आजच्या डिझेल इंजिनात हाय-प्रेशर पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, इंधन प्रचंड दाबाने भरून ठेवतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. या ड्युरामॅक्समध्ये तो दाब कमाल २,५०० बारपर्यंत जातो. रेलवर बसवलेला सेन्सर दाब मोजतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला, ईसीयूला, व्होल्टेजच्या रूपात कळवतो. डबी बसते ती या दोघांच्या मध्ये. आकडे घेऊन बघू. समजा सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये ० ते २,००० बार दाखवतो. ईसीयूला १,२०० बार हवेत, म्हणजे तो २.९ व्होल्टची वाट बघतो. डबी प्रत्येक वेळी ०.२ व्होल्ट कापून पुढे पाठवते. ईसीयूला वाटतं दाब १,१०० वरच अडकलाय. तो पंपाला आणखी जोर लावायला सांगतो आणि त्याला २.९ दिसतात तेव्हा रेलमध्ये प्रत्यक्षात १,३०० बार झालेले असतात. इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ मात्र १,२०० च्या हिशेबाने ठरलेला, म्हणून प्रत्येक फवाऱ्यात थोडं जास्त डिझेल जातं.

थोडं म्हणजे किती? छिद्रातून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब सव्वाआठ टक्क्यांनी वाढला तर इंधन साधारण चार टक्क्यांनी वाढेल. वीस टक्के जास्त इंधन केवळ दाबाच्या जोरावर हवं असेल, तर दाब ४४ टक्के वाढवावा लागेल. मधल्या आरपीएमला, रेल निवांत असताना, हे थोडंफार जमतं. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर रेल आधीच १,८०० बारला असेल, तर ४४ टक्के म्हणजे २,५९० बारच्या पुढे. पंपाच्या आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मर्यादेत ते बसतच नाही. म्हणून फक्त रेल प्रेशरशी खेळणारी डबी तीस टक्के शक्ती वाढवल्याचं सांगत असेल, तर तिथेच थांबावं. अशा डबीचा खरा फायदा असतो तो अर्ध्या ॲक्सिलरेटरवर आणि मधल्या आरपीएमला. रोजच्या गाडी चालवण्यात तो जाणवतो, हे मी नाकारत नाही.

अधिक विचार करून केलेल्या डब्या टर्बोच्या बूस्ट सेन्सरलाही हात घालतात. इंधन वाढवलं आणि हवा वाढवली नाही, तर उरलेल्या डिझेलची काजळी होते आणि एक्झॉस्ट तापतो. त्याहून वरच्या प्रतीच्या डब्या इंजिनचं तापमान, बूस्ट आणि गिअर यांच्यावर डायग्नोस्टिक पोर्टमधून लक्ष ठेवतात आणि इंजिन गरम व्हायला लागलं की आपणहून मागे येतात. माझ्या मते निवडीचा पहिला निकष हाच: डबी माघार घेते की नाही?

शक्ती वाढवण्याचं हेच काम जनरल मोटर्सने कसं केलं ते यासोबत ठेवून बघा. टाहो-सबर्बनमधलं पहिलं ३ लिटर ड्युरामॅक्स २७७ हॉर्सपॉवर आणि ४६० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ६२४ न्यूटन-मीटर टॉर्क देत होतं. २०२५ च्या मॉडेलमध्ये सुधारलेलं इंजिन आलं: ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ पाउंड-फूट. वाढ दहा टक्क्यांची. तेवढ्यासाठी कंपनीने ॲल्युमिनियमचे पिस्टन काढून पोलादी पिस्टन आणले, टर्बोचा कॉम्प्रेसर सुधारला, इंजेक्टर बदलले. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांना दहा टक्क्यांसाठी पिस्टन बदलावे लागले, आणि डबीवाला ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर वीस टक्के देतो म्हणतो. त्याचं म्हणणं खोटंच असेल असं नाही. फरक इतकाच की कंपनीला ते इंजिन लाख मैल वॉरंटीत सांभाळायचं असतं आणि डबीवाल्याला नसतं.

भारतातली उदाहरणं गिअरबॉक्सबद्दल जास्त सांगून जातात. फॉर्च्युनरचं २.८ लिटरचं इंजिन ऑटोमॅटिकबरोबर ५०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि मॅन्युअलबरोबर ४२०. स्कॉर्पिओ-एनचं २.२ लिटर डिझेल ऑटोमॅटिकमध्ये ४००, मॅन्युअलमध्ये ३७०, आणि खालच्या व्हेरिएंटमध्ये तर ३०० न्यूटन-मीटर. इंजिन तेच. मॅन्युअलमध्ये टॉर्क हात राखून दिलेला आहे, आणि यात क्लच-गिअरबॉक्सला सोसेल किती, हा हिशेब मोठा असतो. म्हणून इंजिनमध्ये जागा शिल्लक आहे, हे डबीवाल्यांचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं. पण त्यापुढच्या भागात ती शिल्लक आहे का, हे कुणी सांगत नाही. ऑटोमॅटिकचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. गिअरबॉक्समधले क्लच किती दाबाने धरायचे हे ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून ठरतं. डबीने ईसीयूलाच अंधारात ठेवलं, तर गिअरबॉक्सही अंधारात. तो कमी टॉर्कच्या हिशेबाने क्लच धरतो, क्लच किंचित घसरतात, तेल तापतं. हे एका दिवसात दिसत नाही, चाळीस-पन्नास हजार मैलांनी दिसतं.

उष्णतेचंही तसंच. प्लेनो समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, सगळा प्रदेश सपाट. सेंट्रल एक्स्प्रेसवेवर किंवा नॉर्थ टोलवेवर शिरताना पाच-सात सेकंद जोर लागतो आणि संपतो. एवढ्यात इंजिन तापत नाही, म्हणून इथे डबी लावून महिनाभर फिरलेला माणूस शपथेवर सांगतो की काही होत नाही. तीच गाडी उन्हाळ्यात मागे कॅम्पिंग ट्रेलर ओढत अमारिलोमार्गे कोलोराडोला निघाली की चित्र बदलतं. न्यू मेक्सिकोच्या सीमेवरची रॅटन खिंड ७,८३४ फुटांवर आहे. हवा विरळ, टर्बो आधीच जास्त वेगाने फिरतोय, चढ संपत नाही आणि एक्झॉस्टचं तापमान मिनिटामिनिटाला चढतंय. अशा वेळी डबी शून्यावर आणावी, हे अनुभवी ट्रेलरवाले आवर्जून सांगतात. मी तर म्हणेन, ज्याला वर्षातून दोनदाच भार ओढायचा आहे त्याने त्या दोन फेऱ्यांसाठी म्हणून डबी घेऊच नये, कारण नेमकी तिथेच ती धोक्याची आहे.

बाजारात ‘ट्यूनर’ या नावाखाली आणखीही वस्तू विकल्या जातात. पंधरा-वीस डॉलरला मिळणारा, डायग्नोस्टिक पोर्टमध्ये खोचायचा रंगीत प्लग ही सरळ फसवणूक आहे. असे प्लग लोकांनी उघडून पाहिले आहेत: आत एक साधी चिप आणि लुकलुकणारे दिवे, गाडीच्या डेटा लाइनवर ती एक अक्षरही पाठवत नाही. ‘दोनशे मैल चालवा, मग गाडी शिकेल’ असं पत्रकात लिहिलेलं असतं. तेवढ्या काळात चालवणाराच स्वतःची समजूत घालून घेतो.

पेडल बॉक्स हा प्रकार वेगळा, आणि मला त्याबद्दल आस्था आहे. तो ॲक्सिलरेटरच्या पेडलचा सिग्नल बदलतो: पाय वीस टक्के दाबला तर इंजिनला पस्तीस टक्के कळवतो. शक्ती एका हॉर्सपॉवरनेही वाढत नाही. पण बहुतेक तक्रारींचं मूळ ‘गाडी उशिरा उठते’ हे असतं आणि ती कंपनीने पेडलला मुद्दाम दिलेली मंदगती असते. अशा माणसाचं समाधान पेडल बॉक्सने होतं. रेल, पिस्टन, गिअरबॉक्स कशालाच धक्का लागत नाही. काहींचं काम तर गाडीतल्या स्पोर्ट मोडनेच भागतं. तिथे पैसे खर्च करण्याचं कारणच नाही.

तिसरा मार्ग ईसीयूचं सॉफ्टवेअरच बदलण्याचा, म्हणजे रीमॅपचा. तांत्रिकदृष्ट्या तो सर्वांत स्वच्छ, कारण त्यात ईसीयूला खरं काय चाललंय ते माहीत असतं आणि गिअरबॉक्सलाही. पण जनरल मोटर्सच्या नव्या गाड्यांचे ईसीयू कडेकोट बंद आहेत, म्हणून त्यांच्या बाबतीत डबीचाच बोलबाला आहे. जुन्या जीपमध्ये रीमॅप सर्रास होतो, आणि तिथेच कायद्याचा प्रश्न सुरू होतो.

प्लेनोत या प्रश्नाची एक विचित्र बाजू आहे. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. कॉलिन, डॅलस, डेंटन यांसह मोठ्या शहरांभोवतीच्या कौंटींत धुराची तपासणी चालू आहे, पण ती पेट्रोल गाड्यांची. डिझेल त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे प्लेनोतल्या डिझेल एसयूव्हीच्या नळीतून काय बाहेर पडतं हे दरवर्षी कुणीच बघत नाही. यावरून अनेकांचा समज होतो की इथे सगळं चालतं. तसं नाही. संघराज्याचा क्लीन एअर ॲक्ट उत्सर्जन-नियंत्रण निकामी करायला आणि तसं करणारं उपकरण विकायला किंवा बसवायला मनाई करतो, आणि तो टेक्सासलाही लागू आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये अंदाज मांडला की त्याआधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधून ही यंत्रणा काढून टाकली गेली, आणि त्यापायी या ट्रकांच्या आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टन जास्तीचे नायट्रोजन ऑक्साइड हवेत जातील.

हे आकडे इथल्या आईबापांनी मनावर घ्यावेत असे आहेत. नायट्रोजन ऑक्साइड कडक उन्हात ओझोन तयार करतात, आणि ऊन ही उत्तर टेक्सासची मुबलक वस्तू. डॅलस-फोर्ट वर्थ परिसर ओझोनच्या २००८ च्या मानकानुसार २०२२ मध्ये ‘गंभीर’ वर्गात टाकला गेला; कॉलिन कौंटी त्यातच आहे. उन्हाळ्यात ओझोनचा इशारा असलेल्या दिवशी दम्याच्या मुलाला मैदानावर न पाठवणारं घर उत्सर्जन-नियंत्रण काढून टाकणारी ट्यूनिंग करत असेल, तर त्या दोन गोष्टींचा संबंध त्या घराने जोडायला हवा. याबाबत मी कुठलीही सवलत द्यायला तयार नाही. ‘डिलीट’ हा शब्द ज्या उत्पादनाच्या वर्णनात दिसेल ते उत्पादन बाजूला ठेवावं.

बड्या कंपन्यांचे हातही स्वच्छ नाहीत. उत्सर्जन-चाचणीत फसवणूक केल्याचं फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५ मध्ये फुटलं. फियाट क्रायस्लरने २०१४ ते २०१६ च्या इकोडिझेल गाड्यांबद्दल २०१९ मध्ये तडजोड केली. कमिन्सने रॅम पिकअपच्या इंजिनांबद्दल १६७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला, क्लीन एअर ॲक्टखालचा आजवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड. जुनी जीप किंवा तुआरेग घेणाऱ्याने यातून एक व्यवहाराची गोष्ट उचलावी: तडजोडीनंतर या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं गेलं आहे. जुन्या सॉफ्टवेअरवर तपासलेली डबी नव्यावर तशीच वागेल याची खात्री नाही. गाडीचा व्हिन क्रमांक देऊन दुरुस्ती झाली आहे का ते आधी विचारावं, आणि डबीवाल्यालाही तेच सांगावं.

मग कायदेशीर डबी ओळखायची कशी? कॅलिफोर्नियाचं एअर रिसोर्सेस बोर्ड सुट्या भागांची तपासणी करून एक्झिक्युटिव्ह ऑर्डर देतं. ज्या डबीला तुमच्या मॉडेलसाठी, तुमच्या वर्षासाठी असा क्रमांक मिळाला आहे, तिने उत्सर्जन बिघडत नसल्याचं दाखवलेलं असतं, आणि ईपीएही तो पुरावा मानते. आपण कॅलिफोर्नियात राहत नसलो तरी हीच खूण धरावी. क्रमांक बोर्डाच्या यादीत स्वतः शोधावा. ‘सर्व राज्यांत चालेल’ एवढ्या छापील वाक्यावर विसंबू नये. या एका चाळणीतून बाजारातला बहुतेक माल गळून पडतो. उरतात त्या डब्यांचे दावे बहुधा माफक असतात.

वॉरंटीबद्दल दोन्ही टोकाच्या अफवा आहेत. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे कंपनीने दाखवावं लागतं. पण इंजेक्टर, टर्बो, पिस्टन किंवा ट्रान्समिशन गेलं तर रेल प्रेशर वाढवणाऱ्या डबीशी संबंध दाखवणं त्यांना अवघड नाही. ड्युरामॅक्सला पाच वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी आहे. ती चालू असताना डबी लावणारा मोठी जोखीम स्वतःवर घेतो. सर्व्हिसिंगला जाण्याआधी डबी काढून ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. मेकॅनिकपासून लपवलेल्या गाडीचं निदान चुकतं आणि त्याचे पैसे शेवटी आपणच भरतो.

एवढं सगळं करून लावायची ठरली, तर बसवण्याचं काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. किल्ली गाडीपासून लांब ठेवून, बॉनेट उघडून अर्धा तास थांबावं, म्हणजे गाडीतले सगळे मॉड्यूल झोपतात. जागेपणी प्लग काढला की एरर कोड पडतात. रेलवरचा सेन्सर शोधताना इंधनाच्या पोलादी नळ्यांना पाना लावू नये. हजारो बारच्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि हात गमावण्याची वेळ येते. प्लग-इन डबीत एकही इंधन नळी सैल करावी लागत नाही. करावी लागतेय असं वाटलं तर आपण चुकीच्या जागी आहोत.

कनेक्टरला बहुधा दुहेरी लॉक असतं. आधी रंगीत पट्टी मागे सरकवायची, मग जीभ दाबायची आणि प्लगच्या अंगाला धरून ओढायचं, वायरला कधीच नाही. काही वर्षं इंजिनच्या उष्णतेत भाजलेलं ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. जीभ मोडली की कनेक्टर नुसता टेकून राहतो आणि हायवेवर कंपनाने सुटला की गाडी लिंप मोडमध्ये जाते. नवा प्लग बसताना ‘टक्’ आवाज यायलाच हवा. आवाज आला नाही तर काढून आतली रबरी सील आणि पिना बघाव्यात. वायर टर्बो आणि ईजीआर कूलरपासून लांबून न्यावी, दर वीतभर अंतरावर झिप-टाय लावावा, आणि डबी बॅटरीच्या बाजूला, पाणी साचणार नाही अशा जागी. पॅकेटमध्ये एक बायपास प्लग येतो, तो ग्लोव्ह बॉक्समध्ये जपून ठेवावा. वाटेत डबी बिघडली तर गाडी मूळ स्थितीत आणायला तोच लागतो.

सुरुवात सर्वांत खालच्या सेटिंगवर करावी. एक साधा ओबीडी रीडर जवळ हवाच. पी००८८ म्हणजे रेलचा दाब फार वाढला, पी०२३४ म्हणजे बूस्ट फार वाढला. यांतला कुठलाही कोड आला तर सेटिंग कमी करण्यात वेळ न घालवता डबी काढावी. काजळी अडवणाऱ्या डिझेल फिल्टरचं रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, आधी किती मैलांनी होत होतं आणि आता किती मैलांनी होतं, याची नोंद ठेवावी. अंतर झपाट्याने कमी झालं तर काजळी वाढली आहे. ऑइलची पातळी चढली तर रीजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय.

आणि मायलेज. डबी लावल्यावर डॅशबोर्डवर मायलेज वाढलेलं दिसतं, त्याचा फोटो काढून लोक एकमेकांना पाठवतात. वरचं गणित आठवा: ईसीयूला १,२०० बारच दिसत होते, म्हणून तो १,२०० च्या हिशेबाने इंधन मोजतो. प्रत्यक्षात गेलेलं चार टक्के जास्तीचं डिझेल त्याच्या खात्यात येतच नाही. डॅशबोर्डवरची ती वाढ निव्वळ हिशेबाची चूक असू शकते. टाकी काठोकाठ भरून, मैल मोजून, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरून गॅलनचा हिशेब करावा, तोही डबी लावण्याआधी आणि नंतर तीन-तीन टाक्यांचा.

आता पुण्याहून येणारा फोन. ‘येताना एक ट्यूनर घेऊन ये’ ही मागणी हल्ली वाढली आहे. इथल्या डब्या इथल्या इंजिनांसाठी असतात. फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ-एनचे सेन्सर, त्यांची व्होल्टेजची मोजपट्टी आणि कनेक्टर वेगळे. भारतात बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सची डिझेलट्रॉनिकसारखी उत्पादनं स्थानिक गाड्यांसाठीच तयार होतात. अमेरिकेतून नेण्यात अर्थ नाही. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डिझेल फिल्टर आहे, आणि मुंबई-पुण्याच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये तो मुळातच भरत राहतो. त्यात काजळी वाढवणारी डबी लावली तर फिल्टरचा दिवा डॅशबोर्डवर कायमचा मुक्कामाला येईल.

कायद्याची बाजूही तिकडे हलकी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२ए खाली परवानगी नसलेला भाग बसवून गाडीत फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून फोनवर मी भावाला आधी एवढंच विचारतो: एअर फिल्टर कधी बदललास, टायरमध्ये हवा किती आहे, इंटरकूलरच्या होजला कुठे चीर नाही ना? टर्बोची हवा फुटक्या होजमधून निसटत असेल तर गाडी मेल्यासारखीच चालणार, आणि त्यावर डबी लावली तर नुसता धूर वाढेल.